अश्यान सीमा

द्रायूची (द्रवाची वा वायूची) श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध, कमी करत शून्याजवळ नेली, तर त्याचा प्रवाह श्यानता नसलेल्या काल्पनिक द्रायूच्या प्रवाहाला जाऊन मिळतो का, हा द्रायुयामिकीतील (द्रायूंच्या गतीच्या शास्त्रातील) ‘अश्यान सीमे’चा प्रश्न. सीमा म्हणजे इथे कड नव्हे, तर श्यानता शून्याकडे नेताना प्रवाह जिथे पोचतो ते. उत्तर सहज ‘हो’ असेल असे वाटते. तिथेच फसगत होते.

ऑयलर यांच्या १७५७ मधील समीकरणांत श्यानता नाही. ती पुढे नाव्ह्ये (१८२२) आणि स्टोक्स (१८४५) यांच्या समीकरणांत आली. श्यानता वगळून गणित केले, तर एकसारख्या प्रवाहातील वस्तूला रोध शून्य येतो, हे दालांबेर यांना १७५२ मध्येच आढळले होते. समोरच्या वाऱ्यात सायकल हाणणाऱ्याला हे पटणार नाही.

गोम अशी, की श्यानतेचा गुणक समीकरणातील सर्वांत वरच्या कोटीच्या अवकलजाला (बदलाच्या दराला) चिकटलेला असतो. तो शून्य केला, की समीकरणाची कोटी उतरते आणि भिंतीवरची एक अट गळून पडते. खरा द्रायू भिंतीला टेकतो तिथे स्थिर असतो. ऑयलरच्या द्रायूला भिंतीतून आरपार जाता येत नाही इतकेच, तिच्यालगत तो खुशाल घसरतो. फिरत्या पंख्याच्या पात्यावर बारीक धूळ टिकून राहते, ती पहिल्या अटीमुळे.

श्यान आणि अश्यान या दोन चित्रांचा मेळ लूडविख प्रांट्‌ल यांनी १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत घातला. श्यानतेचा प्रभाव भिंतीलगतच्या पातळ ‘सीमास्तरा’त एकवटतो, त्याची जाडी श्यानतेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असते. श्यानता शंभरपट घटली, तरी स्तर दहापटच पातळ होतो. सेकंदाला ५ मी. वेगाच्या वाऱ्यात, सपाट पत्र्याच्या पुढच्या कडेपासून १ मी. अंतरावर तो सु. ९ मिमी. भरतो. पुढे दाब वाढत गेला, तर हा स्तर पृष्ठभाग सोडतो, मागे भोवरे सुटतात आणि रोध उरतोच.

भिंत नसेल आणि ऑयलर-प्रवाह गुळगुळीत असेल, तर सीमा अपेक्षेप्रमाणे गाठली जाते, हे सिद्ध आहे. भिंत आली, की द्विमितीतही सर्वसाधारण उत्तर हाती नाही. तोसियो काटो यांचा १९८४ मधील निकष विलक्षण आहे : जाडी श्यानतेच्याच प्रमाणात असलेल्या, म्हणजे प्रांट्‌लच्या स्तराहूनही कितीतरी पातळ अशा पट्टीतला ऊर्जाक्षय (श्यानतेमुळे ऊर्जा खर्ची पडणे) शून्याकडे गेला, तरच प्रवाह ऑयलर-प्रवाहाला मिळतो, आणि क्षय तसा शून्याकडे गेला, तर मिळतोच.

संक्षोभी (भोवऱ्यांनी भरलेल्या, अस्ताव्यस्त) प्रवाहाबद्दल लार्स ऑन्सागर यांनी १९४९ मध्ये आणखी धाडसी अटकळ बांधली. वेग पुरेसा खडबडीत असेल, तर श्यानता नसतानाही ऊर्जा नाहीशी होऊ शकते. उंबरठा होल्डर घातांक (वेग किती गुळगुळीत आहे याचे माप) १/३ चा. त्यावर ऊर्जा टिकते, ही बाजू १९९४ मध्ये सिद्ध झाली. त्याखाली ती टिकेलच असे नाही, हे फिलिप आयसेट यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिद्धतेने दाखवले.