निगेटिव्ह, जेपेग आणि रॉ : कॅमेऱ्यातल्या एका निवडीची पार्श्वभूमी

बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक वैशाखातल्या रात्री पहाटेपर्यंत चालते. एका रथावर पिवळे हॅलोजन, मागच्या रथावर निळे-जांभळे एलईडी, गल्लीच्या तोंडाशी दुकानाच्या ट्यूबलाइट आणि मध्येच पेटत्या मशाली. नवा कॅमेरा घेऊन उभ्या राहिलेल्या पोराला सकाळी संगणकावर दिसतं ते असं: मावळ्याचा चेहरा शेंदरी, फेट्यावर घडीच नाही, नुसता रंगाचा ठिपका. रंग सुधारायला गेलं की गालावर चट्टे उमटतात. शेजारी उभं राहून तसल्याच कॅमेऱ्यानं काढलेला दुसऱ्याचा फोटो मात्र पाच मिनिटांत जागेवर येतो. बहुतेक वेळा फरक असतो मेन्यूतल्या ‘इमेज क्वालिटी’ या एका ओळीत. एकानं जेपेग ठेवलेलं असतं, म्हणजे कॅमेऱ्यानं रंग ठरवून लहान केलेला तयार फोटो; दुसऱ्यानं रॉ, म्हणजे सेन्सरवरची कच्ची नोंद.

या ओळीमागचा प्रश्न डिजिटल कॅमेऱ्याहून जुना आहे. फोटोचा रंग आणि उजेड शेवटी कोण ठरवणार, आणि कधी?

फिल्मच्या काळात हे काम लॅबकडे होतं. रंगीत निगेटिव्हची सी-41 प्रक्रिया 1972 साली आली. 37.8 अंश सेल्सिअस तापमानाच्या डेव्हलपरमध्ये सव्वातीन मिनिटं, मग ब्लीच, फिक्सर, धुणं, वाळवणं. एवढं झालं तरी हातात फोटो नसे, नारिंगी झाक असलेली उलट्या रंगांची पट्टी असे. प्रिंट काढताना लॅबमधला माणूस एकेक चौकट पाहून पिवळा, मॅजेंटा, सायन आणि डेन्सिटीची बटणं दाबायचा. नवरीच्या शालूचा रंग तो ठरवायचा. प्रिंट बिघडली तरी निगेटिव्ह शाबूत असल्यानं दुसरी काढता यायची, आणि दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त उजेड पडलेली चौकटही बऱ्याचदा निभावून जायची. स्लाइड फिल्मचं तसं नव्हतं. ती धुऊन आली की तोच अंतिम फोटो, आणि अर्ध्या स्टॉपची चूकही डोळ्यांत खुपायची. कॅलेंडरं आणि मासिकांची मुखपृष्ठं स्लाइडवर काढणारे म्हणूनच प्रकाश मोजण्यात काटेकोर असायचे. आजचं रॉ निगेटिव्हच्या घराण्यातलं आहे आणि जेपेग स्लाइडच्या. एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचं निम्मं आपोआप समजतं.

कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन यांनी 1975 साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. चित्र 100 बाय 100 ठिपक्यांचं, काळं-पांढरं, आणि ते कॅसेटच्या टेपवर उतरायला 23 सेकंद लागायचे. त्याच कंपनीतल्या ब्राइस बेयर यांना 1976 साली एका जाळीचं पेटंट मिळालं, आणि रॉ म्हणजे काय ते या जाळीवरूनच कळतं. सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पाटीच्या, ठिपक्याला रंग कळत नाही, किती प्रकाश पडला एवढंच कळतं. बेयर यांनी प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवा किंवा निळा चष्मा चढवला. चारांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. हिरवे दुप्पट, कारण बारीक तपशील पाहताना आपला डोळा हिरव्यावर जास्त विसंबतो. म्हणजे 24 मेगापिक्सेलच्या सेन्सरवर 1 कोटी 20 लाख ठिपके फक्त हिरवं पाहतात. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून हिशेबानं भरावे लागतात. हा हिशेब होण्याआधीचे आकडे जसेच्या तसे ठेवले की झाली रॉ फाइल. रॉ हे कशाचं लघुरूप नाही, सरळ ‘कच्चा’ या अर्थाचा शब्द आहे. व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगाप्रमाणे पांढरं ठरवणं), कॉन्ट्रास्ट, रंगाची भडकता हे सारं त्या फाइलला नुसतं चिठ्ठी लावल्यासारखं सोबत जातं. शिधा तसाच राहतो, काय शिजवायचं ते मागाहून ठरवता येतं.

जेपेगची कथा कर्नाटकाशी जोडलेली आहे. बंगळुरात 1940 साली जन्मलेले, तिथंच अभियांत्रिकी शिकलेले नासिर अहमद पुढं अमेरिकेत प्राध्यापक झाले. चित्रातला उजेडाचा चढउतार कोसाइन लहरींच्या बेरजेत मांडायचा, म्हणजे मोजक्या आकड्यांत मावेल, असा प्रस्ताव त्यांनी 1972 साली संशोधन निधीसाठी पाठवला आणि तो नामंजूर झाला. काम त्यांनी तरीही पुरं केलं. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा निबंध 1974 साली छापून आला. छायाचित्र तज्ज्ञांचा संयुक्त गट 1986 साली जमला. त्याच्याच इंग्रजी आद्याक्षरांवरून जेपेग हे नाव पडलं, आणि 1992 साली मंजूर झालेल्या प्रमाणाचा गाभा हीच पद्धत होती. आज आपल्या फोनमधल्या बहुतेक फोटोंमागे बंगळुरात शिकलेल्या माणसाचं गणित आहे, हे आपल्याकडच्या शाळांतून सांगायला हवं.

आत घडतं ते असं. 6000 बाय 4000 ठिपक्यांचं चित्र घेतलं, तर कॅमेरा आधी तिन्ही रंग भरून घेतो, तुमची सेटिंग कायमची मिसळतो आणि प्रत्येक रंग 8 बिटवर, म्हणजे 256 पायऱ्यांवर आणतो. मग उजेड वेगळा आणि रंग वेगळा करून रंगाचा तपशील निम्मा किंवा त्याहून कमी ठेवतो. पुढं 8 बाय 8 ठिपक्यांचे 3 लाख 75 हजार चौकोन पाडतो आणि प्रत्येकातली बारीक लहर, जी डोळ्याला फारशी जाणवत नाही, ती छाटतो. 72 एमबीचा ऐवज 8 ते 10 एमबीत बसतो. छाटलेलं परत येत नाही, आणि तीच फाइल उघडून पुन्हा सेव्ह केली की पुन्हा छाटणी होते. मावळ्याच्या गालावरचे चट्टे ते हेच.

तेव्हा एवढी काटछाट का करावी लागली, ते कोडॅकच्या 1991 सालच्या डीसीएस कॅमेऱ्यावरून दिसतं. निकॉन एफ3 च्या पाठीला 1.3 मेगापिक्सेलचा सेन्सर जोडलेला, आणि खांद्याला अडकवायच्या पेटीत 200 एमबीची हार्ड डिस्क. किंमत 20 हजार डॉलरच्या आसपास. त्या डिस्कवर न दाबलेली, म्हणजे आकार लहान न केलेली, 156 चित्रं मावत. जेपेगसारखी चित्रं दाबणारं जादा सर्किट बसवलं तर 600 पर्यंत. नवशिक्याला आज पडणारा पेच तेव्हाच आकड्यांत मांडला गेला होता.

रॉला पुढं वेगळीच अडचण आली. प्रत्येक कंपनीनं आपली भाषा काढली: निकॉनची एनईएफ, कॅननची सीआरडब्ल्यू, मग सीआर2 आणि 2018 पासून सीआर3, सोनीची एआरडब्ल्यू, फुजीची आरएएफ. 1997 साली डेव्ह कॉफिन यांनी ‘डीसीरॉ’ नावाचा मोफत प्रोग्रॅम लिहून या भाषा एकेक करून उलगडायला घेतल्या. आज मोफत मिळणाऱ्या कितीतरी सॉफ्टवेअरना त्याचा आधार झाला. फोटोशॉपमध्ये रॉ उघडणारं ‘कॅमेरा रॉ’ हे जोड-सॉफ्टवेअर 2003 साली आलं, आणि 2004 साली फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीनं सगळ्यांसाठी खुली डीएनजी रचना जाहीर केली. पेंटॅक्स, लायका, रिको यांनी ती कॅमेऱ्यातच दिली, कॅनन आणि निकॉन या मोठ्या दोघांनी आपापली वाट सोडली नाही. 2005 साली निकॉन डी2एक्स या कॅमेऱ्याच्या फाइलीतली व्हाइट बॅलन्सची नोंद सांकेतिक करून ठेवल्याचं उघड झालं आणि वाद पेटला: फोटो माझा, मग त्यातली माहिती कुलपात कशी?  रॉ उघडणारी डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही सॉफ्टवेअर आज एक पैसा न देता वापरता येतात.

आता आपल्या भागातला उजेड घेऊ. बहुतेक कॅमेऱ्यांची रॉ फाइल 12 किंवा 14 बिटची असते. 14 बिट म्हणजे 16,384 पायऱ्या. सेन्सर प्रकाश सरळ मोजतो, त्यामुळं त्यातल्या 8,192 पायऱ्या सर्वांत उजळ एका स्टॉपलाच जातात, पुढच्याला 4,096, असं निम्म्या-निम्म्यानं खाली. तरीही सावलीत जे उरतं ते जेपेगच्या तुलनेत पुष्कळ असतं. बेळगाव किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरात, 1204 सालच्या त्या काळ्या दगडी मंडपात, दाराबाहेर ऊन आणि आत अंधार असतो. बाहेरच्या उन्हाला सांभाळून रॉमध्ये फोटो घेतला तर खांबांवरचं कोरीव काम दोन-तीन स्टॉप वर उचलता येतं. जेपेगमध्ये तेवढं उचललं की पट्टे आणि चौकोन दिसू लागतात.

सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर भंडारा उधळतात तेव्हा गोष्ट अधिक बारीक होते. हळदीच्या पिवळ्यात लाल आणि हिरवा भरपूर, निळा जवळजवळ नाही. कॅमेरा ‘व्हिव्हिड’ या भडक रंगांच्या सेटिंगवर असेल तर जेपेगमधला लाल आकडा सगळ्यांत आधी 255 ला टेकतो, आणि भंडाऱ्यानं माखलेल्या पातळाची वीण, चेहऱ्यावरचे कण, सगळं एका पिवळ्या पत्र्यासारखं होतं. साधा पांढरा हिस्टोग्रॅम (पडद्यावरचा उजेडाचा आलेख, डावीकडे गडद, उजवीकडे उजळ) तेव्हाही ठीकच दिसतो. म्हणून तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्रॅम लावा आणि लाल पाहा. उजवीकडे तो भिंतीला चिकटला असेल तर एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली घ्या.

इथं एक खाचखळगा आहे. रॉ काढतानाही मागच्या पडद्यावर दिसतं ते फाइलीत दडवलेलं छोटं जेपेग, आणि हिस्टोग्रॅमही त्याचाच. म्हणून रॉवाल्यानं पिक्चर स्टाइल ‘न्यूट्रल’ ठेवावी, नाहीतर पडदा उगाच घाबरवतो. उलट, सेन्सरचा ठिपकाच काठोकाठ भरला असेल, जसं पावसाळ्यात गोकाकच्या धबधब्यावर ढग फाटून ऊन पडलं की होतं, तिथं रॉमध्येही काही शिल्लक नसतं. थेट डोळ्यावर येणाऱ्या निळ्या एलईडीचंही तेच.

कणकुंबी, जांबोटीकडच्या पावसातलं रान हे तिसरं उदाहरण. भर दुपारी अंधारून येतं, आयएसओ (सेन्सरच्या संवेदनशीलतेचा आकडा) 3200 वर जातो, आणि जेपेग करताना कॅमेरा दाणे पुसायच्या नादात पानांच्या शिरा पुसतो. जेपेगच काढायचं असेल तर नॉइज रिडक्शन ‘लो’ वर आणा.

जेपेगला कमी लेखायचं मात्र कारण नाही. उजेड सारखा असेल, फोटो तासाभरात द्यायचे असतील, शंभर पाहुण्यांचे ग्रुप असतील, तर नीट लावलेलं जेपेग पुरतं. त्यासाठी व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर न सोडता ट्यूबलाइट किंवा बल्ब पाहून ठरवा, गुणवत्ता ‘फाइन’ आणि रंगव्यवस्था एसआरजीबी ठेवा. फाइलचं नाव अंडरस्कोअरनं सुरू होत असेल तर निकॉन-कॅननमध्ये अडोबी आरजीबी लागलेलं असतं, आणि अशा फाइली मोबाइलवर, लॅबमध्ये फिक्या पडतात. रॉयटर्सनं तर 2015 साली आपल्या मुक्त छायाचित्रकारांना कळवलं होतं की रॉवरून बनवलेलं चित्र नको, कॅमेऱ्यातच जेपेग म्हणून काढलेलं पाठवा. वेग हवा आणि चित्र घडलं तसंच राहावं, ही त्यांची कारणं होती. अल्बमची लॅबही शेवटी 8 बिट जेपेगच मागते. 12 बाय 36 इंचांचं पान 300 डीपीआयनं केलं तर 3600 बाय 10,800 ठिपके लागतात. रॉ ही फोटो घेण्याची पायरी आहे, देण्याची नव्हे.

मोबाइलमध्ये अँड्रॉइड 5.0 सोबत 2014 साली आणि आयओएस 10 सोबत 2016 साली डीएनजी आलं. तिथं ‘रॉ म्हणजे सरस’ हे गणित नेहमी लागू पडत नाही. फोनचं जेपेग अनेक चौकटी एकत्र करून बनतं, साधं रॉ बऱ्याचदा एकाच चौकटीचं असतं आणि त्यात दाणे जास्त दिसतात.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं पहिले तीन-चार महिने ‘रॉ + जेपेग’ ठेवावं. 24 मेगापिक्सेलला रॉ साधारण 25 ते 30 एमबी, म्हणजे 32 जीबीच्या कार्डात नुसते रॉ अकराशेच्या घरात, दोन्ही मिळून आठ-नऊशे. कार्ड व्ही30 खुणेचं घ्या. त्याचा किमान वेग सेकंदाला 30 एमबी, म्हणजे एक रॉ लिहायला जवळजवळ एक सेकंद. ढोल-ताशासमोर बोट दाबून धरलं आणि कॅमेरा मध्येच थबकला, तर तो बिघडलेला नसतो, त्याचा बफर, म्हणजे कार्डावर लिहिण्याआधी फोटो थांबवायची तात्पुरती जागा, भरलेला असतो. रॉच्या मेन्यूत ‘लॉसलेस कॉम्प्रेस्ड’ असेल तर तेच निवडा. जागा वाचते आणि आकडा एकही जात नाही.

घोटाळे होतात ते बहुतेक संगणकावर. नाव बदलून एनईएफचं जेपीजी केलं म्हणून फाइल बदलत नाही, ती निर्यातच करावी लागते. नव्या कॅमेऱ्याच्या फाइली अडोबीच्याच फोटो सुधारायच्या लाइटरूम सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत उघडल्या नाहीत तर अडोबीचा मोफत डीएनजी कन्व्हर्टर वापरा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की ते पुन्हा दाबलं जातं. गिऱ्हाइकाला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आणि रॉ दुसऱ्या डिस्कवर हलवताना शेजारची त्याच नावाची छोटी एक्सएमपी फाइल मागे राहू देऊ नका. रात्रभर बसून केलेले सगळे फेरफार तिच्यातच लिहिलेले असतात.