शेततळं वेगळं, कागदाचं तळं वेगळं

"शेततळं दिवाळीच्या आत कोरडं पडलं, पैसे वाया गेले." मुरमाड रानातून दरवर्षी ही तक्रार येते आणि तिला दरवर्षी तेच उत्तर मिळतं: कागद टाका, म्हणजे तळ्यात प्लास्टिकचं अस्तर अंथरा. हे ऐकून आता खरोखर वैताग येतो. पाणी जिरवणं आणि पाणी साठवणं या दोन निराळ्या कामांची गल्लत होते आणि भुर्दंड शेतकऱ्याला बसतो.

खोदाईबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पोकलेन दोन्हीकडे तोच. 'मागेल त्याला शेततळे' ही राज्य सरकारची योजना २०१६ साली आल्यापासून ३० बाय ३० बाय ३ मीटर हे माप गावोगाव पाठ आहे. बाजूंना एकास एक उतार (मीटरभर खोलीला मीटरभर आत) धरला तर त्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं, कागद असो वा नसो.

खरा प्रश्न पाणी कुठून येतं आणि कुठं जातं हा आहे. बिनकागदाचं तळं रानाच्या खालच्या अंगाला, पावसाचं पाणी वाहत येतं तिथं खोदायचं असतं. त्याला पाणी आत यायला तोंड लागतं, तोंडाआधी गाळ अडवायला खड्डा आणि जादा पाण्याला सांडवा. पावसाळ्यात ते भरतं, जिरतं, पुन्हा भरतं. मुरमात ते लवकर आटलं म्हणजे बिघडलं असं नव्हे. ते पाणी जमिनीत उतरलं. त्याचा हिशेब तळ्याच्या काठावरून लागत नाही, खालच्या अंगाच्या विहिरीची पातळी बघावी लागते. तीनदा भरून जिरलं तर एका हंगामात ६० लाख लिटरांहून जास्त पाणी खाली गेलं. अशा तळ्यात कागद अंथरला की विहिरीची ही भरणी बंद.

कागदाचं तळं म्हणजे उघडी टाकी. ती चहूबाजूंनी बांध घालून, शक्यतो उंचावर करतात. रानातलं गढूळ पाणी आत येऊच द्यायचं नसतं; ती पंपानं भरायची. नाशिककडे द्राक्षाच्या एप्रिल छाटणीला किंवा सांगोल्याकडे डाळिंबाला ऐन उन्हाळ्यात पाणी लागतं, तिथं तिची गरज मला पूर्ण मान्य आहे. पावसाळ्यात विहीर तुडुंब असताना पाणी उचलून ठेवलं तर ती उत्तम सोय. पण जानेवारीत बोअर उपसून ती भरणं मला अजिबात पटत नाही. जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी आपण उन्हात पसरतो. ९०० चौरस मीटरवरून दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडालं तर रोज ७,२०० लिटर गेले. शिवाय त्या भूजलावर शेजारच्या विहिरीही जगतात. याला जलसंधारण म्हणू नये.

टाकीच हवी असेल तर कागद ५०० मायक्रॉन जाडीचा, आयएस १५३५१ या भारतीय मानकाचा शिक्का बघूनच घ्या. अंथरण्याआधी दगड आणि मुळ्या वेचा, बाजू ठोकून गुळगुळीत करा. सांधे यंत्रानं गरम करूनच जोडायचे, आणि कडा काठाभोवतीच्या चरात मातीखाली गाडायच्या. कागद ताणून बसवू नका, पाण्याच्या वजनानं तो सांध्यात फाटतो. पावसाळ्यात जिथं खड्ड्यातच झरे फुटतात ती जागा सोडा. तळं रिकामं असताना खालचं पाणी कागद उचलून धरतं.

आणखी एक फरक कोटेशनमध्ये बहुधा नसतो. मातीच्या काठावर पायाला थोडी तरी पकड मिळते. ओल्या, शेवाळलेल्या कागदावर पाय ठरतच नाही, पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. अशा तळ्यांत मुलं बुडाली आहेत, त्यांना काढायला उतरलेली मोठी माणसंही. चारही बाजूंना गाठी मारलेले जाड दोर पक्क्या खुंट्यांना बांधून तळापर्यंत सोडा आणि भोवती जाळीचं कुंपण घालून दाराला कुलूप लावा. हे काम पंप सुरू करण्याआधी पूर्ण झालं पाहिजे.