परातीतला नॅनोमीटर

नॅनोमीटर म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण ऐंशी हजारावा भाग, हे आठवीतली मुलं घडाघडा सांगतात. पण ऐंशी हजारावा काय नि आठ लाखावा काय, त्यांच्या लेखी दोन्ही 'खूप बारीक'. म्हणून मला मनापासून वाटतं, मुलांनी नॅनोमीटर एकदा स्वतः मोजावा. त्यासाठी महागडा सूक्ष्मदर्शक लागत नाही, मोठी परात पुरते.

बेंजामिन फ्रँकलिनने 1774 साली छापलेल्या लेखात लंडनच्या क्लॅपममधल्या तळ्याची हकिगत आहे. जेमतेम चमचाभर तेलाने जवळपास अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे पाणी आरशासारखं शांत झालं. तेलाच्या घनफळाला या क्षेत्रफळाने भागलं की थराची जाडी मिळते. फ्रँकलिनने तो भागाकार केला नाही. चमचा 5 मिलीचा धरून आपण केला, तर उत्तर येतं 2.5 नॅनोमीटर!

वर्गात तळं कुठलं? मग तेलच विरळ करायचं. 1 मिली ओलेइक आम्लात (हे वनस्पती तेलांतून मिळणारं तेलकट आम्ल) अल्कोहोल घालून 20 मिली करा. त्यातलं 1 मिली घेऊन पुन्हा तसंच 20 मिली करा. (जवळपास ज्योत नको.) आता द्रावणात आम्ल उरलं चारशेवा भाग. परातीतल्या पाण्यावर टाल्कम पावडर अगदी पातळ भुरभुरवा आणि मधोमध एक थेंब सोडा. पावडर झटकन मागे सरते, गोल चकती मोकळी होते. तिचा व्यास पट्टीने मोजायचा. ड्रॉपरच्या 40 थेंबांनी 1 मिली भरत असेल आणि व्यास 20 सेंमी आला, तर जाडी निघते 2 नॅनोमीटर.

प्रयोग फसतो तो बहुधा साबणामुळे. परातीला साबणाचा अंश राहिला, तर पाण्यावर आधीच एक थर असतो आणि थेंब नीट पसरत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावरच्या अशाच अशुद्धींचा अभ्यास जर्मनीत अॅग्नेस पॉकेल्स यांनी घरच्या स्वयंपाकघरात केला. विद्यापीठाचं दार बाईसाठी बंद होतं. त्यांनी ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना लिहिलेलं पत्र 1891 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं.

भागाकार झाला की मुलांना दुसरा थेंब टाकू द्या. थर दुप्पट जाड होईल, असं बहुतेकांना वाटतं. पण परातीत जागा असेल तर चकतीचं क्षेत्रफळ दुप्पट होतं आणि जाडी तेवढीच राहते, कारण तो थर एकाच रेणूच्या उंचीचा असतो.