दोन ठोक्यांमधल्या अंतराची गोष्ट

यंत्रमागाचा खटका एकसारखा पडत राहिला की माग नीट चालला, हे सोलापुरात कुणाला सांगावे लागत नाही. बायपास करून घरी परतलेल्या माणसाच्या नाडीकडूनही घरच्यांची अपेक्षा तीच असते. हृदयाला मात्र हे माप लागू पडत नाही. निरोगी हृदयाच्या दोन ठोक्यांमधले अंतर सतत कमीजास्त होत असते (इंग्रजीत याला हार्ट रेट व्हेरिएबिलिटी म्हणतात): श्वास घेताना गती थोडी वाढते, सोडताना मंदावते, आणि हा लगाम मुख्यतः मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या हाती असतो.

नाडी श्वासाबरोबर बदलते हे स्टीफन हेल्स यांनी १७३३ मध्ये घोड्यावरील प्रयोगांत नोंदवले. कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये त्याचा आलेखच काढला. उपचाराच्या दृष्टीने त्याचे मोल प्रथम ओळखले ते प्रसूतितज्ज्ञांनी, हे काहीसे अनपेक्षित आहे. गर्भ संकटात असताना त्याच्या हृदयाची सरासरी गती बदलण्याआधीच ठोक्यांमधला हा फरक मावळतो, असे हॉन आणि ली यांना १९६० च्या दशकात दिसले. पुढे १९७८ मध्ये वुल्फ यांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर हा फरक कमी असणाऱ्यांत मृत्यू अधिक होतात असे दाखवले. क्लायगर यांच्या १९८७ च्या अभ्यासात झटका येऊन गेलेले ८०८ रुग्ण होते. चोवीस तासांच्या नोंदीतील प्रमाण विचलन, म्हणजे ठोक्यांमधली अंतरे सरासरीपासून किती पसरतात त्याचे माप, ५० मिलिसेकंदांखाली असलेल्यांचा मृत्यूचा धोका १०० च्या वर असलेल्यांच्या ५.३ पट निघाला.

शस्त्रक्रियेचे गणित निराळे आहे. बायपासनंतर हा फरक बहुतेकांत घटतो आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत हळूहळू परततो, त्यामुळे त्या काळातल्या कमी आकड्यावरून झटक्यानंतरच्या रुग्णासारखे भाकीत करता येत नाही. हृदयप्रत्यारोपणात तर मज्जातंतूच कापले जात असल्याने तो जवळजवळ नाहीसाच होतो. शिवाय अनियमितपणा म्हणजे आरोग्य असेही नव्हे: शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत अनेकांना होणाऱ्या एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडल्यावर, ठोके वेडेवाकडे पडतात, पण तो आजार आहे, आणि त्या अवस्थेत हे मोजमाप निरर्थक ठरते.

मोजण्याचे निकष १९९६ मध्ये युरोपीय व अमेरिकी तज्ज्ञांनी मिळून ठरवले. पाच मिनिटांची नोंद आणि चोवीस तासांची नोंद यांची तुलना करू नये, असे त्यात बजावले आहे. म्हणून सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी फिरताना मनगटी घड्याळात दिसणारा या फरकाचा आकडा क्लायगर यांच्या पन्नासाशेजारी मांडता येत नाही.