घोड्याची वाट आणि अमेरिकेचा कायदा

अमेरिकेतल्या सरकारी डोंगर-जंगलांत घोड्यावरून जाण्याची मुभा कायद्याने पक्की करावी, ही मागणी तिथल्या संसदेसमोर, म्हणजे काँग्रेससमोर, पुन्हा पुन्हा येते. जिथे मोटारीला बंदी आणि घोड्याला मोकळीक आहे, तिथे आणखी कायदा कशाला, असं कुणालाही वाटेल. पण ही मोकळीक वहिवाटीने चालत आली आहे. स्वारीच्या घोड्याचा हक्क म्हणून ती राखीव रानांच्या १९६४ च्या मूळ कायद्यात कुठेही लिहिलेली नाही, आणि सगळ्या वादाचं मूळ तिथेच आहे.

खरं तर राखीव रानाची कल्पनाच घोड्याच्या पाठीवरून आली. वनखात्यातले अधिकारी आल्डो लिओपोल्ड यांनी १९२१ मध्ये लिहिलं की, असं रान सलग आणि बिनरस्त्याचं हवं. आणि किती मोठं, तर सामान लादलेली जनावरं घेऊन दोन आठवडे फिरता येईल एवढं. १९२४ मध्ये न्यू मेक्सिकोतलं गिला क्षेत्र याच विचारातून राखलं गेलं. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेत तर घोडा त्याही आधीपासून होता. १८९० मध्ये झालेल्या सेक्वोया राष्ट्रीय उद्यानाची राखण सुरुवातीची कित्येक वर्षं घोडदळाने केली. १९०३ च्या उन्हाळ्यात चार्ल्स यंग या कृष्णवर्णीय कॅप्टनकडे उद्यानाचा कारभार होता, आणि जायंट फॉरेस्ट या तिथल्या महावृक्षांच्या रानापर्यंतचा रस्ता त्यांच्या तुकडीने पुरा केला. सिएरा क्लब ही निसर्गप्रेमींची संस्थाही १९०१ पासून खेचरांच्या पाठीवर तंबू-शिधा लादून मोठमोठ्या सहली नेत असे.

या वहिवाटीची किंमत उंचावरच्या ओल्या कुरणांनी मोजली. बर्फ वितळल्यावर माती मऊ असते. तेव्हा खूर रुततात, गवताची मुळं उघडी पडतात, ओहोळ खचतात. लोवेल समनर या उद्यानखात्याच्या जीवशास्त्रज्ञाने १९३०-४० च्या दशकांतच ही हानी नोंदवली होती. घोडेस्वारांच्या बाजूने बोलणाऱ्याने हे आधी कबूल करायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

३ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी विल्डरनेस कायद्यावर, म्हणजे राखीव रानांच्या कायद्यावर, सही केली. अशा रानांत मोटारी, यंत्रं, चाकांची वाहनं बंद झाली. घोडा आत राहिला. धंद्यालाही मनाई झाली, मात्र रानाच्या अनुभवासाठी ‘गरजेपुरत्या’ व्यावसायिक सेवेला सूट मिळाली. घोडे-खेचरं भाड्याने देऊन लोकांना डोंगरात नेणारे पॅकर याच एका अटीवर उभे आहेत. स्वतःचा घोडा असलेल्याला ही अट लागू नाही. पण पाठीवर ओझं घेऊन आठ-दहा हजार फूट उंचीवर चढणं ज्यांना वयामुळे किंवा अधूपणामुळे झेपत नाही, त्यांच्यापैकी अनेकांना पॅकरशिवाय वाट नाही.

घोडेस्वार संघटित झाले ते पुढच्या दशकात. १९७३ मध्ये मोंटानाच्या फ्लॅटहेड खोऱ्यात ‘बॅक कंट्री हॉर्समेन’ सुरू झाली आणि हळूहळू देशभर पसरली. २००० नंतरच्या दशकात, जिथे घोड्याची वहिवाट आहे तिथे ती राखावी, अशा आशयाची विधेयकं काँग्रेसमध्ये आली, पण एकाचाही कायदा झाला नाही.

मग कोर्टात ठिणगी पडली. सेक्वोया आणि किंग्ज कॅनियन या जोड-उद्यानांच्या कारभाराच्या आराखड्याविरुद्ध ‘हाय सिएरा हायकर्स असोसिएशन’ या पायी फिरणाऱ्यांच्या संघटनेने २००९ मध्ये दावा लावला होता. व्यावसायिक घोडे-खेचरं नेमकी किती गरजेची आहेत, हे उद्यानखात्याने विल्डरनेस कायद्याप्रमाणे तपासलंच नाही, असा निकाल जानेवारी २०१२ मध्ये लागला. निकालात चूक नव्हती. खात्याने आपलं काम केलं नव्हतं. पण फटका बसला तो पॅकरांना. हंगाम तोंडावर आला आणि परवाने खोळंबले. एरवी रेंगाळणारी काँग्रेस या वेळी हलली. कॅलिफोर्नियाचे काँग्रेस सदस्य डेव्हिन न्यूनेस यांनी मांडलेलं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि ५ जुलै २०१२ रोजी ओबामांची सही झाली. नवा आराखडा होईपर्यंत, जास्तीत जास्त चार वर्षं, खात्याला स्वतः ठरवलेल्या मर्यादेत परवाने देता येतील, आणि आराखडा तीन वर्षांत पुरा करावा, असं त्यात होतं.

याच सुमारास दुसरं संकटही कागदावर आलं. वनखात्याच्या १,५८,००० मैल पायवाटांपैकी जेमतेम पाव वाटा नीट राखलेल्या आहेत, असं सरकारी लेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये सांगितलं. आडव्या पडलेल्या झाडांनी अडलेली वाट कागदावर खुली असून घोड्याला काय उपयोग? म्हणून घोडेस्वार संघटनांनी पाठपुरावा केलेला २०१६ चा पायवाट-देखभाल कायदा मला जास्त मोलाचा वाटतो. त्यात स्वयंसेवकांचं काम वाढवण्यावर भर आहे.

उद्यानांचा नवा आराखडा २०१५ मध्ये तयार झाला. व्यावसायिक सेवा किती गरजेची याचा हिशोब आणि कुरणांत चरण्याच्या मर्यादा त्यात आल्या. त्याबरोबर २०१२ च्या कायद्याने दिलेलं तात्पुरतं संरक्षणही संपलं. आता या उद्यानांतल्या पॅकरांची वाट त्या आराखड्यावर टिकून आहे, आणि आराखडा खातं बदलू शकतं.