अर्भकाच्या हातापायातील गाठ आणि दोन जनुकांचा सांधा

इन्फंटाइल फायब्रोसार्कोमा हा मृदू ऊतींचा दुर्मीळ कर्करोग बहुतेक वेळा बाळाच्या पहिल्या वर्षातच दिसतो, कित्येकदा तर जन्मतःच. हातावर किंवा पायावर झपाट्याने वाढणारी, वरची त्वचा ताणून लालसर-जांभळी झालेली ही गाठ पाहून ती रक्तवाहिन्यांची साधी गाठ, म्हणजे हिमँजिओमा, असावी असा समज सहज होतो, आणि मग बायोप्सी लांबणीवर पडते. गाठ कितीही आक्रमक दिसली तरी ती शरीरात इतरत्र क्वचितच पसरते आणि योग्य उपचार मिळालेली बहुतांश बाळे वाचतात. म्हणूनच येथे डॉक्टरांपुढचा खरा पेच बाळ वाचेल का यापेक्षा, त्याला वाचवताना त्याचे आणखी काय हिरावले जाईल, हा असतो.

गाठ मोठी असेल आणि मुख्य नसा किंवा रक्तवाहिन्यांना वेढून बसली असेल, तर ती पूर्ण काढण्यासाठी कधीकाळी हात किंवा पायच कापावा लागे. किरणोपचारांनी हाडांची वाढ खुंटते, त्यामुळे तान्ह्या बाळांत ते शक्यतो टाळले जातात. केमोथेरपीतही हृदयाला किंवा पुढे प्रजननक्षमतेला अपाय करू शकणारी औषधे मागे ठेवून युरोपातील बालकर्करोगतज्ज्ञांनी व्हिन्क्रिस्टीन आणि अ‍ॅक्टिनोमायसिन-डी या तुलनेने सौम्य जोडीला पसंती दिली. सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे: पहिले औषध नसांना त्रास देते, दुसरे तान्ह्यांच्या यकृताला.

या गाठीचे मूळ १९९८ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथील संशोधकांनी उघड केले. १२ व्या आणि १५ व्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून त्यांची अदलाबदल होते आणि ईटीव्ही६ व एनटीआरके३ ही दोन जनुके एकमेकांना सांधली जातात. एनटीआरके३ पासून एरवी बनणारे प्रथिन चेतापेशींच्या पृष्ठभागावर असते आणि बाहेरून वाढीचा रासायनिक संदेश येऊन चिकटला तरच ते पेशीच्या आत हालचाल सुरू करते. सांध्यात त्या प्रथिनाचा बाहेरचा, संदेश घेणारा भाग गळतो आणि त्याच्या जागी ईटीव्ही६ चा जो भाग येतो तो अशी दोन प्रथिने आपसूक एकत्र आणतो. परिणामी कोणताही संदेश नसताना पेशीला विभाजनाचा आदेश अखंड मिळत राहतो. नेमका हाच सांधा तान्ह्यांच्या मूत्रपिंडातील एका प्रकारच्या गाठीत आणि स्तनाच्या एका विरळ कर्करोगातही सापडला, ही बाब पुढे फार मोलाची ठरली.

कारण लॅरोट्रेक्टिनिब हे औषध अवयव न पाहता हा बिघाड पाहून दिले जाते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली ती शरीरात कोठेही असलेल्या, पण एनटीआरके (एनटीआरके३ आणि त्याची भावंडे) जनुकांचा असा सांधा असलेल्या गाठींसाठी. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या बालरुग्णांवरील चाचणीत असा सांधा असलेल्या १५ मुलांपैकी १४ जणांच्या गाठी लक्षणीय आटल्या. औषध द्रवरूपातही मिळत असल्याने तान्ह्याला ते तोंडावाटे देता येते, आणि गाठ आटल्यानंतर हात किंवा पाय राखून शस्त्रक्रिया करणे काही मुलांत शक्य झाले आहे. आमच्या मते औषधाइतकेच श्रेय निदानाला द्यायला हवे, कारण बायोप्सीच्या तुकड्यावर जनुकांची तपासणीच झाली नाही तर या औषधाचा विचारही कोणाच्या मनात येणार नाही.

मात्र काही गाठी प्रथिनात नवा बदल घडवून औषधाला दाद देईनाशा होतात. शिवाय ज्या प्रथिनाला हे औषध रोखते त्याचे निरोगी रूप मज्जासंस्थेच्या घडणीत गुंतलेले असल्याने वाढत्या मेंदूवर दूरगामी परिणाम होतो का, याकडे डॉक्टर लक्ष ठेवून असतात. त्यामुळे ते किती काळ द्यावे हा प्रश्न अजून खुला आहे. गाठ नाहीशी झाल्यावर औषध थांबवलेल्या मुलांपैकी काहींत ती परत आली, पण तेच औषध पुन्हा सुरू केल्यावर त्यांतील बहुतेकांची गाठ पुन्हा आटोक्यात आली.