फिल्म कॅमेऱ्यांचे फॉरमॅट आणि फोटोची क्वालिटी

फॉरमॅट म्हणजे निगेटिव्हवरच्या एका फ्रेमचं माप, कॅमेऱ्याचं नाही. ३५ एमएमची फ्रेम २४ × ३६ मिलिमीटर, १२० नावाच्या रुंद रोलवरची सिक्स बाय सिक्स (सेंटिमीटर) म्हणतात ती खरं तर ५६ × ५६ मिलिमीटर, आणि फोर बाय फाइव्ह तर रोलच नाही, चार बाय पाच इंचाची सुटी शीट. ११० फॉरमॅट, १९७२ ला कोडॅकने आणलेला, फक्त १३ × १७, नखाएवढाच.

फ्रेमच्या मापाने फोटोत काय फरक पडतो, हे सोलापूरकराला मागावरून लगेच कळतं. एकाच काउंटच्या सुतात तोच मोर एकदा नॅपकिनवर काढा आणि एकदा चादरीवर, नॅपकिनच्या मोराला धागे कमी येतात म्हणून पिसाऱ्यातले डोळे नीट उमटत नाहीत, सूत मात्र दोन्हीकडे तेच. फिल्मचा ग्रेन, म्हणजे ज्या बारीक कणांनी चित्र बनतं ते, म्हणजे हे सूत. फॉरमॅट मोठा केला म्हणून ग्रेन बारीक होत नाही, फक्त त्याच चित्राला जास्त ग्रेन मिळतात आणि प्रिंट काढताना ते कमी फुगवावे लागतात.

८ × १२ इंची प्रिंट धरा. ३५ एमएमची निगेटिव्ह साडेआठ पट मोठी करावी लागते, सिक्स बाय सिक्स (वरखाली कापून) साधारण साडेपाच पट, फोर बाय फाइव्ह जेमतेम अडीच पट. पोस्टकार्ड साइजला मात्र ३५ एमएम आणि १२० मधला फरक पटकन ओळखू येत नाही, म्हणून तुलना करायची तर फिल्म तीच, प्रिंट त्याच मापाची आणि दोन्ही कॅमेरे ट्रायपॉडवर हवेत, नाहीतर त्या तुलनेला काही अर्थच नाही.

आणि लेन्स विसरू नका. आपल्याकडे कितीतरी घरांत असलेला आगफा क्लिक थ्री सिक्स बाय सिक्सचाच, पण त्याची लेन्स अगदी साधी, कडेला फोटो मऊ, धूसर पडतो; चांगल्या लेन्सचा ३५ एमएम कॅमेरा त्याला सहज मागे टाकतो.

मोठ्या फॉरमॅटची किंमतही मोजावी लागते. तेवढाच नजारा घ्यायला ३५ एमएमवर ५० मिलिमीटरची लेन्स लागते तर सिक्स बाय सिक्सवर ८० ची आणि फोर बाय फाइव्हवर १५० ची, त्यामुळे फोकसची खोली (पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट येतो ती) कमी होते, मग अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, बारीक करा, शटर हळू करा. सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी ट्रायपॉड लावून देवळाचा फोटो घ्यायचा तर १२० सारखं सुख नाही, दगडाचा पोतसुद्धा उमटतो. पण गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत, धक्काबुक्कीत, संध्याकाळच्या उजेडात, हातात धरलेला ३५ एमएम आणि एफ १.४ ची, म्हणजे मोठ्या भोकाची, लेन्सच फोटो आणते, शिवाय रोलमध्ये ३६ फ्रेम, सिक्स बाय सिक्सला १२ च.